स्वस्त घराची खरी किंमत

मुंबईत घर घेणे मध्यम स्थितीच्या गृहस्थास अशक्यप्राय झाल्यामुळे तो बदलापूर, वांगणी, कर्जत येथे जागा पाहू लागतो. सन १८५३ च्या १६ एप्रिलास बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, तेव्हापासून आगगाडी पुढे व वस्ती मागे असा क्रमच पडला आहे. त्यात गैर काही नाही. परंतु स्वस्त घर खरोखर स्वस्त असते काय?

बदलापूर मुंबईपासून आगगाडीने ६८ किलोमीटर. जाण्यायेण्यात रोज तीन तास गेले, तर तीनशे कामाच्या दिवसांत नऊशे तास खर्ची पडतात. हा जमाखर्च व्यापाऱ्याने तरी विसरू नये. दुसरी गोष्ट पुराची. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारावर उतारूंची सुटका करावी लागली. म्हणून जागा पाहावयाची ती भर पावसाळ्यात. आणि पूररेषा, सातबारा व भोगवट्याचा दाखला पाहिल्यावाचून विसार देऊ नये.

इतके करूनही मुख्य कर्तव्य उरतेच. गावी केवळ निजावयास येणारा मनुष्य गावकरी नव्हे, पांथस्थ होय. मग पाणी, गटारे, शाळा यांचा जाब नगरपालिकेस विचारावयाचा कोणी? मनुष्य जेथे सामान्यतः राहतो तेथेच त्याचे नाव मतदारयादीत असावे, असे कायदाही सांगतो. बिऱ्हाडाबरोबर आपले मतही तिकडे न्यावे, एवढेच आमचे सांगणे आहे.