गंजाची वाट दाराच्या फटीतून

१९५०च्या दशकातल्या अमेरिकेत पेट्रोल पंपावर, न्हाव्याच्या दुकानात, कारखान्याच्या आवारात कोका-कोलाचं लालभडक, गोलसर खांद्यांचं यंत्र उभं असायचं. पाच सेंटचं नाणं टाकायचं, दांडा फिरवायचा की गार बाटली हातात. कॅन्सस सिटीच्या व्हेंडो कंपनीची यंत्रं विशेष गाजली. ‘व्हेंडो ३९’ किंवा ‘व्हेंडो ८१’ या नावांतला आकडा विक्रीसाठी लावता येणाऱ्या बाटल्यांचा. पाच सेंटच्या नाण्यावरच सारा व्यवहार चालत असल्यानं किंमत वाढवणं अवघड होतं. १९५३मध्ये कोका-कोलाचे रॉबर्ट वुड्रफ यांनी थेट राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याकडे साडेसात सेंटचं नाणं काढण्याचा आग्रह धरला होता! ते नाणं काही निघालं नाही.

आज ही यंत्रं जुन्या गोदामांतून बाहेर पडतात आणि हौशी संग्राहक ती पुन्हा चालती करतात. नवखा माणूस आधी रंग आणि क्रोम पाहतो. जाणकार मात्र खाली वाकून तळाचा पत्रा बघतो आणि दाराच्या कडेचं रबर बोटानं दाबून पाहतो. दोन्ही दुखणी एकच आहेत, हे त्याला ठाऊक असतं.

नैसर्गिक रबर हवेतल्या ऑक्सिजन आणि ओझोननं कडक होतं, चिरतं. वर्षानुवर्षं दाराखाली दाबलं गेल्यानं चपटं होतं आणि पुन्हा फुगत नाही. मग फट पडते. गार हवा जड, ती खालच्या फटीतून निसटते. तिची जागा घ्यायला बाहेरची दमट हवा आत शिरते आणि थंड पत्र्यावर तिचं पाणी होतं. ते ओघळून तळाशी साचतं, दोन पत्र्यांमधल्या ग्लासवूलमध्ये मुरतं. भिजलेली ग्लासवूल लवकर वाळत नाही. लोखंडाला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही मिळाले की गंज आलाच, आणि इथे तो आतून बाहेर येतो. बाहेरच्या रंगावर बारीक फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बराच खाल्लेला असतो. त्यात कधी बाटली गोठून फुटलेली असली, तर सांडलेला कोला चिकटून राहतो. त्यातली साखर ओल धरते आणि फॉस्फोरिक आम्ल लोखंडाला लागतं.

म्हणून नुसती लांबी भरून वरून रंग मारणं ही फसवणूक आहे. काही महिन्यांत फोड परत येतात.

खरं काम प्लग काढून, तळातलं कॉम्प्रेसरचं युनिट बाहेर ओढून सुरू होतं. ओली ग्लासवूल काढून टाकायची. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे तो कोरडा घासू नये. पाणी मारत घासावा आणि तोंडावर चांगला मास्क असावा. वरवरचा गंज तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं निघतो. खळग्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावलं की त्याचं लोह-फॉस्फेट होतं. कोल्यातलंच आम्ल इथे औषध म्हणून कामी येतं. ब्रॅकेट आणि पट्ट्यांसारखे सुटे भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून बॅटरी चार्जरनंही साफ करता येतात: भाग ऋण टोकाला, साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला. तिथे स्टेनलेस स्टील कधीही वापरू नये, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं तयार होतात. सँडब्लास्टिंगचा मोह मोठ्या सपाट पत्र्यावर आवरलेलाच बरा, कारण माऱ्यानं पत्रा वाकतो आणि मग सरळ होत नाही.

भोक पडलं असेल तर कडेनं घट्ट, चकाकता पत्रा लागेपर्यंत कापायचं आणि तेवढाच नवा तुकडा वेल्ड करायचा. एका जागी सलग वेल्डिंग केलं तर उष्णतेनं पत्रा फुगतो. म्हणून थोडं इथे, थोडं तिथे टाके घालत जावं लागतं. मग इपॉक्सी प्रायमर, आतल्या बाजूलासुद्धा. ती बाजू कुणाला दिसत नाही, पण गंज तिथूनच आला होता.

आता रबर. आजच्या फ्रिजमध्ये रबरात चुंबक असतं. मुलं आत अडकून दगावू नयेत म्हणून दार आतून उघडलं पाहिजे, असा कायदा अमेरिकेत १९५६मध्ये झाला आणि घरगुती फ्रिजवर चुंबकी दारं रुळली. सोडा यंत्राचं जुनं रबर मात्र कुलपाच्या दाबावर बसतं, त्यामुळे त्याची जाडी आणि आकार हुबेहूब हवा. जाड झालं तर दार लागत नाही, पातळ झालं तर फट राहते. जुना तुकडा कापून त्याचा छेद मापायचा आणि मगच नवं मागवायचं. ते घडी घालून येतं. कोमट पाण्यात ठेवलं की वळ्या सुटतात. आधी चार कोपरे, मग मधले स्क्रू, सगळे सैल. दार लावून पाहायचं आणि शेवटी आवळायचं.

परीक्षा सोपी, घरच्या फ्रिजलाही चालणारी: दारात नोट अडकवून ओढायची. सर्व बाजूंनी सारखा अडथळा जाणवला पाहिजे. बिजागरीकडे नोट सहज निघाली, तर दोष बऱ्याचदा रबरात नसून खाली झुकलेल्या दारात असतो.

१९५०च्या दशकातल्या अनेक यंत्रांत गारव्यासाठी आर-१२ हा वायू भरलेला होता. ओझोन थराला घातक ठरल्यानं अमेरिकेत त्याचं उत्पादन १९९५च्या अखेरीस थांबलं. त्यामुळे मूळ यंत्रणा अजून चालत असेल, तर तिच्यावरचा भार कमी ठेवणं हाच शहाणपणा. दार नीट बसलं की कॉम्प्रेसर अधूनमधून थांबतो. रबर गळत असेल तर तो दिवसभर धडधडत राहतो.