ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट आहे, तरी गावी यायला व्हिसा का लागतो?

जुन्नर, मंचर, घोडेगावचा मुलगा ऑस्ट्रेलियात शिकला, तिथेच राहिला आणि तिथलं नागरिकत्व घेतलं, की घरचे आम्हा शिक्षकांना कौतुकाने सांगतात, "सर, आता त्याला कुठेच व्हिसा लागत नाही."

हे अर्धंच खरं आहे. त्या पासपोर्टवर जपान, सिंगापूर, मलेशियात व्हिसाशिवाय फिरता येतं. युरोपातल्या शेंगेन देशांत १८० दिवसांपैकी ९० दिवस राहता येतं. पण भारतात यायला व्हिसा लागतोच.

असं का? आपल्या देशात दुहेरी नागरिकत्व चालत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. जुना पासपोर्ट जमा करावा लागतो, त्यावर प्रवास करणं गुन्हा आहे.

ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो, पण अर्ज किमान ४ दिवस आधी करायचा असतो. निकाहची तारीख आधी ठरते, मौत सांगून येत नाही. आणि आपल्यात दफनाला उशीर करत नाहीत. म्हणून ओसीआय कार्ड वेळेतच काढलेलं बरं. २००५ पासून ही सोय आहे. ते आयुष्यभराचं असतं, कितीही वेळा ये-जा करता येते.

मात्र ओसीआयवाल्याला मतदान करता येत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आलेली ठेवता येते.

पुढच्या फोनवर खैरियत विचाराल, तेव्हा कार्डाचंही विचारा.