पाळी जाऊन वर्षं लोटली, आता हार्मोन्स घ्यावेत?

पाळी जाऊन बारा-पंधरा वर्षं झालेल्या बायका हल्ली स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारतात, "आता हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या तर चालतील का?" या प्रश्नामागे ऐंशी वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात बायकांची फार फरफट झाली आहे.

गाभण घोड्यांच्या मूत्रापासून काढलेलं इस्ट्रोजेन, 'प्रेमारिन', अमेरिकेत १९४२मध्ये आलं. १९६६च्या 'फेमिनिन फॉरेव्हर' या पुस्तकात डॉ. रॉबर्ट विल्सन यांनी रजोनिवृत्तीला सरळ आजारच ठरवलं आणि गोळ्यांचा खप वाढला. १९७५मध्ये कळलं, की नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. मग जोडीला प्रोजेस्टोजेन हे दुसरं हार्मोन आलं.

जुलै २००२मध्ये 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकी अभ्यासातला दोन्ही हार्मोन्सचा भाग मुदतीआधीच थांबवला गेला. त्यात १६,६०८ बायका होत्या. स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढतो, हे जगभर छापून आलं. प्रत्यक्षात वर्षाला दर दहा हजार बायकांमागे ३०च्या जागी ३८. पक्षाघात आणि फुप्फुसातल्या गुठळ्याही वाढल्या होत्या, खुब्याची हाडं मात्र कमी मोडली. रातोरात गोळ्या बंद झाल्या. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हे कितीजणींना कुणी सांगितलं? बहुतांशी साठी ओलांडलेल्यांवरून निघालेला निष्कर्ष अंगातून वाफा येणाऱ्या, रात्रभर घामाने भिजणाऱ्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला लावला गेला. तिच्यावर हा अन्यायच झाला, असं मला वाटतं.

आता वारं उलटं फिरलं आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने या औषधांवरचे बरेचसे ठळक इशारे काढण्याचा निर्णय जाहीर केला. तो वाचून साठीतल्या बायकांना आशा वाटते. पण २००२ची धोक्याची सूचना त्यांच्याच वयाला सर्वांत जास्त लागू होती. २००३मध्ये गोळ्या घेणाऱ्या पासष्टीपुढच्या बायकांत स्मृतिभ्रंश वाढल्याचं दिसलं. २०१६च्या 'एलिट' अभ्यासात पाळी जाऊन सहा वर्षांच्या आत इस्ट्रोजेन सुरू केलेल्यांच्या मानेतल्या धमन्यांची भिंत जाड होण्याचा वेग मंदावला. दहा वर्षांनंतर सुरू केलेल्यांना तो लाभ झाला नाही. म्हणून गोळ्या साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत सुरू कराव्यात, असा सल्ला तज्ज्ञ देतात. आपल्याकडे पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षीच जाते, म्हणजे आपली ती दहा वर्षं छप्पन्न-सत्तावन्नलाच संपतात.

गर्भपिशवी काढलेल्यांचं तर कुणी विचारतच नाही. २०१९मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. ऐन तिशीत अंडाशयही गेले असतील, तर तेव्हापासूनच हाडं ठिसूळ व्हायला सुरुवात होते. हार्मोन्सची खरी गरज अशा बाईला असते आणि तिच्यापर्यंत ते पोचत नाहीत.

साठीनंतर हाडांसाठी किंवा हृदयासाठी गोळ्या नव्याने सुरू करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. हाडांसाठी वेगळी औषधं आहेत. योनीतला कोरडेपणा, लघवीची जळजळ, वारंवार होणारा संसर्ग यांवर मात्र योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम वयाच्या सत्तरीतही चालतं, कारण ते रक्तात फारच थोडं उतरतं. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, तर आधी कर्करोगतज्ज्ञांना विचारा. हा कोरडेपणा-जळजळीचा त्रास "आता या वयात काय सांगायचं" म्हणून गिळू नका. आणि पाळी गेल्यानंतर एकदा जरी रक्त दिसलं, तरी त्याच आठवड्यात तपासून घ्या.