घरबसल्या एम.टेक. : पैसे भरण्याआधी आणि भरल्यानंतर

"मामू, पंचेचाळीस हजारांत एम.टेक. होतं म्हणे. परीक्षासुद्धा घरूनच. आज पैसे भरले तरच जागा मिळेल. भरू का?"

काही वर्षांपूर्वी आमच्या भाचीचा असा फोन आला. तिने इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी.ई. केलेले. नोकरी गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यात. आठवडाभर तिथे खोलीवर राहायचे आणि शुक्रवारी रात्री एस.टी.ने इन्सुलीला यायचे. नोकरी सोडून पुण्या-मुंबईला दोन वर्षे शिकायला जाणे घराला परवडणारे नव्हते. त्यामुळे एजंटचे बोलणे तिला गोड वाटले, यात नवल नाही.

आम्ही दोघेही शिक्षक. इंजिनिअरिंगमधले आम्हाला काही कळत नाही, पण कागद वाचता येतो. आम्ही तिला तीन प्रश्न विचारायला सांगितले. पदवीवर नेमके कोणत्या विद्यापीठाचे नाव असेल? ते विद्यापीठ कोणत्या मान्यतेखाली ही पदवी देते? प्रकल्प कोण तपासते? तिन्ही प्रश्नांवर एजंटचे एकच उत्तर आले, "ती काळजी आमची." पैसे भरले नाहीत.

नंतर शोधले तेव्हा कळले की वाचलो. यूजीसीच्या 2020च्या नियमांप्रमाणे इंजिनिअरिंगची पदवी दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने देता येत नाही. त्याआधी नोव्हेंबर 2017मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी परवानगीशिवाय दूरस्थ पद्धतीने दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांवर कडक निकाल दिला होता. त्या पदव्यांवर नोकरी आणि बढती मिळवलेली माणसे त्यात अडचणीत आली. त्यांनीही कधीतरी कुणावर विश्वास ठेवूनच पैसे भरले असतील.

मग नोकरी करणाऱ्याने शिकायचेच नाही का? तसे नाही. वाटा आहेत, पण प्रत्येक वाटेची पाटी नीट वाचावी लागते. बिट्स पिलानी या संस्थेत 1979पासून नोकरदारांसाठी वेगळे अभ्यासक्रम चालतात. तिथे नोकरी असणे हीच अट आहे. काम आणि अभ्यास एकमेकांना जोडलेले असतात. आयआयटी कानपूरने 2022मध्ये नोकरदारांसाठी ई-मास्टर्स सुरू केले. त्याला गेट परीक्षा लागत नाही, मात्र फी काही लाखांत जाते आणि पदवीचे नाव एम.टेक. नसते. बारावीनंतरच्या मुलांसाठी आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी आहे. तिला जेईई लागत नाही, पण ती बी.एस. आहे, बी.ई. नव्हे. हा फरक लहान वाटतो, पण नोकरीच्या जाहिरातीत पात्रता लिहिलेली असते तिथे तो मोठा होतो. म्हणून जिथे पुढे नोकरी किंवा पीएच.डी. करायची आहे, तिथे ही पदवी चालेल का, हे आधी लेखी विचारून घ्यावे. तोंडी "हो" पुरत नाही.

परदेशातही हे चालते. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकने जानेवारी 2014मध्ये संगणकशास्त्राची ऑनलाइन पदव्युत्तर पदवी सुरू केली. संपूर्ण पदवीचा खर्च तेव्हा सुमारे सात हजार डॉलर ठेवला होता. वर्गात बसून शिकणाऱ्याला मिळते तीच पदवी मिळते. पण अट अशी की पहिल्या वर्षात दोन पायाभूत विषय चांगल्या श्रेणीने पार करायचे. म्हणजे आत जाणे सोपे झाले, तरी टिकणे सोपे झाले नाही.

भाचीने बिट्सचा एम्बेडेड सिस्टिम्स हा विषय निवडला. एम्बेडेड सिस्टिम्स म्हणजे यंत्रांच्या आत बसवलेले छोटे संगणक. कारखान्यातले तिचे कामही त्याच प्रकारचे. अर्जाला सगळ्या सहामाह्यांच्या गुणपत्रिका, अनुभवाचे पत्र, मालकाची संमती आणि कामाच्या ठिकाणचा एक मार्गदर्शक लागला. घोडे अडले ते नावावर. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या, पदवीवर तिसऱ्या! आपल्या घरांत हे फार होते. कुठे 'मोहम्मद' पूर्ण, कुठे दोनच अक्षरे. कुठे आडनाव आधी, कुठे नंतर. मुले दहावीत जाण्याआधीच हे कागद एकसारखे करून घ्या, अशी आमची प्रत्येक पालकाला विनंती आहे.

पैशांचे असे ठरले. अर्धी फी तिच्या पगारातून, अर्धी आम्ही बिनव्याजी द्यायची. रक्कम आणि हप्ते वहीत लिहून दोघांनी सह्या केल्या. नात्यात लिहिण्याची लाज वाटू नये. लिहिले म्हणूनच नाते गोड राहिले.

खरी परीक्षा पुढे होती. तास शनिवार-रविवारी, म्हणजे ती घरी असते तेव्हाच. पावसाळ्यात वीज जायची. मग इन्व्हर्टर आणि मोबाइलचे नेट. पहिल्या सहामाहीत एका विषयात गुण घसरले आणि ती म्हणाली, "मामू, नको हे. झेपत नाही." आम्ही तिला काही समजावले नाही. घरातल्यांना बसवले. मुलगी वर्गात बसलेली असते तेव्हा तिला चहा टाकायला कोण हाक मारते? पाहुणे आले की लॅपटॉप बंद करून बाहेर ये, असे कोण सांगते? सगळे गप्प झाले. त्या दिवसापासून पडवीच्या शेजारची खोली तिची झाली. शनिवारची भांडी तिच्या भावाने घासायची ठरली. सुरुवातीला त्याने तोंड वाकडे केले, मग सवय झाली.

तिसऱ्या सहामाहीत चांगले स्थळ आले. मुलाकडच्यांना लग्नाची घाई होती. बहिणीच्या जिवाला घोर लागला. स्थळ हातचे जाईल ही भीती खोटी नव्हती. आम्ही मुलाच्या वडिलांना स्पष्ट सांगितले की शेवटची सहामाही पूर्ण प्रबंधाची आहे, ती झाल्यावर तारीख धरू. ते दोन दिवस विचार करून म्हणाले, "ठीक आहे, थांबू." ते थांबले नसते तर आम्ही काय केले असते, हे आजही घरात कधीकधी बोलले जाते. त्याचे सोपे उत्तर आमच्यापाशी नाही.

प्रबंधाचा बराच भाग रमजानमध्ये लिहिला गेला. सहरीनंतर झोपायच्या ऐवजी ती लिहायला बसायची. चार सहामाह्या पुऱ्या झाल्या, पदवी मिळाली, आणि नंतर निकाह झाला.

ऑनलाइन शिक्षणाला वसतिगृह नसते, ग्रंथालयाची शांतता नसते. ती जागा घराला द्यावी लागते. फी भरली म्हणजे आपले काम संपले असे पालकांनी समजू नये. अर्जाआधी कागद तपासा आणि अर्जानंतर आठवड्याचे तास ठरवून त्या वेळी मुलाला, आणि मुलीला तर नक्कीच, कुणी हाक मारणार नाही असे पाहा.

भाची आता सासरी आहे, नोकरी चालू आहे. वहीतले तीन हप्ते बाकी आहेत, तेही वेळेवर येतात. गेल्या महिन्यात तिच्या जावेचा फोन आला. तिला एम.टेक. करायचे आहे, कोणते कागद लागतील असे विचारत होती. आम्ही आधी विचारले, सगळ्या कागदांवर नाव सारखे आहे का?