सुलभ, सुकर आणि सुगम : अंतःसाधनेच्या निवडीविषयी काही विचार

कै. गुरुजींच्या स्मरणार्थ निघणाऱ्या या पुस्तिकेसाठी विषय निवडण्याची मुभा शाळेच्या चालकांनी मला दिली, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. मराठीच्या प्राध्यापकाने काव्याविषयी लिहावे अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु निवृत्तीनंतरच्या काळात मला जो प्रश्न सर्वांत अधिक वेळा विचारला गेला तो काव्याचा नाही. तो असा : ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे जे वर्णन आहे ते करून पाहावे, की आपले साधे नामस्मरण बरे? अलीकडे त्याला एक नवा फाटा फुटला आहे. पुण्या-बंगळुरास असलेली मुले चिनी प्राणसाधनेचे वर्ग लावतात आणि सुटीत घरी आली की विचारतात, नुसते उभे राहून श्वास पाहायचा, की पाठीच्या कण्यातून शक्ती फिरविण्याची ती लांबलचक क्रिया शिकायची? प्रश्न एकच आहे. सोपी साधना घ्यावी की गुंतागुंतीची?

उत्तराकडे वळण्यापूर्वी ‘सोपी’ या शब्दाकडे पाहणे इष्ट ठरेल. संस्कृतातून आपण तीन शब्द घेतले आणि बोलताना ते एकमेकांच्या जागी वापरू लागलो. सुलभ म्हणजे सहज मिळणारे, सुकर म्हणजे सहज करता येणारे, आणि सुगम म्हणजे ज्या वाटेने सहज जाता येते ते. या तीन गोष्टी भिन्न आहेत. नाम सुलभ आहे. त्याला द्रव्य लागत नाही, जात विचारली जात नाही, जागा राखावी लागत नाही. पण ते सुकर आहे काय? पाव तास मन नामावर ठेवून पाहावे, म्हणजे उत्तर मिळते. गीतेतील अर्जुनाने मनाच्या निग्रहाला वाऱ्याची उपमा देऊन ‘सुदुष्कर’ हा शब्द योजला आहे, तो काही उगाच नव्हे. उलट आसन आणि बंध यांची क्रिया दुर्लभ असेल, कारण ती जाणणारा मनुष्य भेटावा लागतो; पण चपळ शरीराच्या तरुणाला ती कित्येकदा नामाहून सुकर वाटते, कारण त्यात हातापायांना काम असते. तेव्हा ‘सोपे की अवघड’ या प्रश्नातच दोन-तीन प्रश्न एकत्र बांधलेले आहेत.

आता ज्ञानेश्वरीकडे वळू. शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये सिद्ध झालेल्या या ग्रंथाचा सहावा अध्याय सुमारे पाचशे ओव्यांचा आहे. मूळ गीतेत आसन, स्थिर दृष्टी आणि नियत मन एवढेच थोडक्यात सांगितले आहे. ज्ञानदेवांनी तेथे मूळबंध, जालंधर आणि उड्डियान हे तीनही बंध, अपानाचे उलटे फिरणे, कुंडलिनीचे जागे होणे, तिने देहातील धातू ग्रासणे, देहाला नवे तेज येणे आणि शेवटी प्राणाचा गगनात लय होणे असा सारा क्रम उलगडला. हे गीतेत नाही. हे नाथपंथाचे धन आहे, आणि गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांकडे व त्यांच्याकडून ज्ञानदेवांकडे आलेले आहे. या मार्गाला त्यांनी पंथराज असा मानाचा शब्द दिला.

मात्र या वर्णनातील एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. त्यात श्वास किती वेळ रोखावा, किती आवर्तने करावीत, किती महिन्यांनी पुढची पायरी घ्यावी, याची मोजमापे दिलेली नाहीत. नुसत्या या ओव्यांवरून कोणालाही ती साधना करता येणार नाही. ज्ञानदेव स्वतःच सांगतात की श्रीकृष्णांनी जे सूचित केले त्याची घडी आपण झाडून पसरून दाखविली, कारण समोर जाणते गिऱ्हाईक, म्हणजे श्रोते, बसले आहेत. कापडाच्या दुकानातील हे रूपक मला फार अर्थपूर्ण वाटते. दुकानदार ठाण उलगडतो ते पोत दिसावा म्हणून; अंगरखा शिवून घ्यायचा तर शिंप्याकडे जावे लागते. जे रसग्रहणासाठी मांडले आहे त्याला कृतीची पुस्तिका समजणे हा वाचनाचा दोष होय. एवढे सांगण्याचा अधिकार मराठीच्या शिक्षकाला निश्चितच आहे.

पुढे बाराव्या अध्यायात हेच ज्ञानदेव अव्यक्ताच्या उपासनेतील योगाचे कष्ट वर्णन करताना लोखंडाच्या चण्यांचा दृष्टान्त देतात आणि भक्तिपंथाला लागलेल्यांना ही व्यथा नाही असे सांगतात. हरिपाठात तर योग आणि याग दोन्ही बाजूला सारलेले दिसतात. ही विसंगती अभ्यासकांना इतकी जाणवली की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘भारद्वाज’ या नावाने लिहिणाऱ्या लेखकाने ‘सुधारका’त ज्ञानेश्वरीकर्ते आणि अभंगकर्ते ज्ञानदेव हे दोन वेगळे पुरुष होते असा वाद मांडला. वाद गाजला, पण सर्वमान्य झाला नाही. मला विचाराल तर दोन माणसे मानण्याची गरज नाही. ज्याने अवघड वाट स्वतः पाहिली आहे त्यालाच ती कोणाला सांगू नये हे कळते.

अवघड मार्गाचे जे ग्रंथ आहेत तेही वाचून पाहावेत. पंधराव्या शतकाच्या सुमाराच्या हठयोगप्रदीपिकेत आसने चौऱ्याऐंशी असल्याचे सांगितले आहे. पण लगेच त्यांतील चार सारभूत म्हणून निवडली आहेत आणि त्या चारांतही सिद्धासनाला श्रेष्ठ ठरविले आहे. म्हणजे गुंतागुंतीच्या शास्त्राची स्वतःची ओढ साधेपणाकडे आहे. त्याच ग्रंथात सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळवावे तसा प्राण वश करावा, नाही तर तो साधकाचाच घात करतो, असा इशारा आहे. चुकीच्या अभ्यासाने उचकी, दमा, खोकला, शिर, कान आणि डोळे यांच्या वेदना होतात असेही स्पष्ट म्हटले आहे. माझ्या विद्यार्थिदशेतील एका मित्राने धारवाडच्या वसतिगृहात पुस्तक समोर ठेवून कुंभकाची मात्रा आपल्याच मनाने वाढवीत नेली. काही महिन्यांत त्याची झोप गेली, कानांत सतत नाद येऊ लागला, छातीत धडधड सुरू झाली. तो नाद अनाहत नव्हे हे त्याला पटविण्यास डॉक्टरांना फार प्रयास पडले. अभ्यास सोडल्यावरही प्रकृती पूर्ववत व्हायला वर्ष लागले.

चीनमध्येही हाच पेच दिसतो, आणि तो आपल्या पेचावर प्रकाश टाकतो. ताओ मताच्या साधकांनी नाभीखालच्या स्थानी लक्ष ठेवून प्राण कण्यातून वर चढवावा आणि देहाच्या पुढच्या बाजूने खाली उतरवावा अशी चक्राकार क्रिया विकसित केली. ज्ञानदेवांची कुंडलिनी वर जाऊन लय पावते. चिनी साधकाचा प्राण फिरून पोटाशी परत येतो. हा भेद मोठा आहे, कारण दोघांचे गन्तव्य वेगळे आहे. परंतु त्याच परंपरेतील च्वांग-त्सूच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथात, दीर्घायुष्यासाठी श्वास फुंकणाऱ्या आणि अस्वल-पक्ष्यांसारखे अंग ताणणाऱ्या मंडळींना खालच्या पायरीवर बसविले आहे, आणि सारे विसरून स्वस्थ बसणे हीच साधना म्हणून गौरविली आहे. साध्या लोकांसाठी आठ हालचालींची ‘बाद्वानजिन’ ही मालिका सुंग काळापासून प्रसिद्ध आहे. ताई-ची या कलेचा यांग घराण्याचा लांब क्रम सामान्यांना झेपेना, म्हणून १९५६ साली चिनी शासनाच्या क्रीडा विभागाने त्यातून चोवीस हालचालींचा संक्षेप तयार केला. आज जगभर बागांतून जे दिसते ते बहुधा हेच.

आपल्या भागात तर या प्रश्नावर एका संप्रदायातच दोन शाखा झाल्या. विजापूर जिल्ह्यातील इंचगेरी मठाचे संस्थापक भाऊसाहेब महाराज उमदीकर (१८४३–१९१४) यांनी दीर्घ, नेमाच्या नामध्यानाचा मार्ग दिला. जमखंडीत जन्मलेले गुरुदेव रा. द. रानडे (१८८६–१९५७) त्यांचेच शिष्य. तत्त्वज्ञानाचा हा प्रकांड पंडित अलाहाबाद विद्यापीठात अध्यापन करून निंबाळला परतला, पण साधना म्हणून त्यांनी आयुष्यभर नामच धरले. भाऊसाहेबांचे दुसरे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज (१८८८–१९३६) यांना मात्र वाटले की ध्यानाची ही वाट मुंगीची आहे. विचाराच्या पंखांनी पक्ष्याप्रमाणे थेट फळावर उतरता येते. गुरुबंधूंना हे रुचले नाही, तरी त्यांनी तो विहंगम मार्ग शिकविला, आणि मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांमुळे (१८९७–१९८१) तो पुढे परदेशी पोचला.

पिपीलिका आणि विहंगम हे शब्द जुने आहेत. वराहोपनिषदात शुकाचा मार्ग पक्ष्याचा आणि वामदेवाचा मार्ग मुंगीचा म्हटला आहे. गंमत अशी की तेथे वारंवार करावयाचा हठाभ्यास, त्यातील विघ्ने, सिद्धींचे मोह, हे सारे मुंगीच्या वाटेवर येते. म्हणजे उपनिषदातील मुंगी गुंतागुंतीच्या क्रिया करते, तर इंचगेरीची मुंगी साधे नाम घेते. साधी गोष्ट लांबची असू शकते आणि जवळची गोष्ट अवघड, हे यावरून ध्यानात यावे. विहंगम मार्गात शिकण्यासारख्या क्रिया जवळजवळ नाहीत, तरीही तो सर्वांत दुष्कर म्हणावा लागेल, कारण पंख उसने मिळत नाहीत. (हुबळीच्या रेल्वे स्थानकाला आज ज्यांचे नाव आहे त्या सिद्धारूढ स्वामींनी अद्वैत शिकविले, पण येईल त्याच्या हाती जातपात न पाहता पंचाक्षरी मंत्र ठेवला. त्या स्थानकावरील १,५०७ मीटरचा फलाट, जो २०२३ साली खुला झाला, सामान घेऊन चालताना मला मुंगीच्या वाटेचे स्मरण होते.)

मग निवड कशी करावी? माझ्या मते साधनेचे भाग किती हे पाहण्यापूर्वी तिच्यावर देखरेख कोणाची हे पाहावे. क्रिया जितकी गुंतागुंतीची तितका शिकविणारा जवळ हवा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटणारा हवा. १९३६ च्या सुमारास कृष्णमाचार्यांबरोबर तरुण बी. के. एस. अय्यंगार धारवाड भागात आले होते. येथेच त्यांचा बेळगावच्या डॉ. गोखले यांच्याशी परिचय झाला, त्यातून १९३७ साली ते पुण्यास गेले आणि पुढचा इतिहास घडला. शरीराच्या सूक्ष्म बारकाव्यांत त्यांच्याइतका शिरणारा शिक्षक विरळा. तथापि प्राणायाम त्यांनी आसन स्थिर झाल्यानंतरच ठेवला, आणि पतंजलींचा क्रमही तोच आहे. घरी एकट्याने, पुस्तकावरून किंवा पडद्यावर पाहून करावयाचे असेल तर श्वास रोखून धरणे वर्ज्य करावे. रक्तदाब अथवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारल्यावाचून काहीच करू नये. सहज श्वासाबरोबर नाम, किंवा त्या आठ चिनी हालचाली, यांत भिण्यासारखे फारसे नाही. दहा दिवस खंड पडला तरी त्या अकराव्या दिवशी जशाच्या तशा सुरू करता येतात. शक्तिचालनाच्या क्रियांचे तसे नाही.

पंथराजाचे वर्णन ऐकून अर्जुन ज्ञानेश्वरीत नेमके हेच विचारतो : हे कोणालाही साधते, की त्याला काही योग्यता लागते? उत्तर असे मिळते की योग्यता ही कुठल्या खाणीतून काढायची वस्तू नव्हे. जो थोडासा विरक्त आणि देहधर्मात नियमित आहे तो अधिकारीच. त्यानंतर अन्न मोजके, चालणे मोजके, बोलणे मोजके, झोप वेळेवर, असे ज्ञानदेव सांगत जातात. हा भाग कुंडलिनीच्या वर्णनानंतर थोड्याच ओव्यांनी येतो. वर्गांच्या माहितीपत्रकांत मात्र तो मला अद्याप आढळलेला नाही.