थैली चार कोटींची, खेळाडू चोवीस

हंगामात जाम चौरस्त्यावरून कापसाच्या गाड्या हिंगणघाटच्या बाजार समितीकडे जाताना दिसतात. तिथे व्यापारी गाडीतून मूठभर कापूस उपसतो, बोटांत धागा ताणून बघतो आणि बोली लावतो. सरकारचा हमीभाव हा त्या बोलीला खालून दिलेला टेकू. वरच्या बाजूला मात्र कुठलंच कुंपण नाही.

हॉकी इंडिया लीगच्या लिलावात कुंपण वरूनही आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये दिल्लीत हा लिलाव झाला, तेव्हा पुरुषांच्या प्रत्येक संघाकडे चार कोटींची थैली होती आणि तेवढ्यात २४ खेळाडू घ्यायचे होते. त्यांपैकी १६ भारतीय आणि आठ परदेशी. खेळाडूंची मूळ किंमत दोन, पाच किंवा दहा लाख. म्हणजे टेकू खेळाडूला आणि कुंपण थैलीला. एकट्या खेळाडूसाठी कितीही बोली लावा, पण बेरीज चार कोटींच्या पुढे जाता कामा नये.

वहीवर हिशेब मांडून बघू. सूरमा हॉकी क्लबने हरमनप्रीत सिंगला ७८ लाखांना घेतलं. उरले तीन कोटी २२ लाख आणि भरायच्या जागा २३. माणशी बरोबर १४ लाख. बोली एक लाखाने वाढली की ते पैसे पुढच्या कुणाच्या तरी वाट्यातून जातात. मालकाचा खर्च आहे तेवढाच राहतो. ताण पडतो तो खेळाडूंच्या आपसातल्या वाटणीवर. पगाराच्या कमाल मर्यादेतली खरी मेख ही आहे.

मग मर्यादा हवी कशाला? ती नसेल तर सगळ्यात श्रीमंत मालक सगळे चांगले खेळाडू उचलतो, सामने एकतर्फी होतात आणि प्रेक्षक पाठ फिरवतात. हे कारण मला पटतं. पण आकडा कोण ठरवतो, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

याच प्रश्नावर अमेरिका-कॅनडातली बर्फावरची हॉकी लीग, एनएचएल, पूर्ण एक हंगाम बंद पडली होती. सप्टेंबर २००४मध्ये मालकांनी टाळेबंदी केली. गिरणगावाला संप आणि टाळेबंदी यांतला फरक सांगावा लागत नाही: संप कामगार करतात, टाळं मालक लावतो. मालकांना पगारावर मर्यादा हवी होती आणि खेळाडूंच्या संघटनेचा तिला विरोध होता. फेब्रुवारी २००५मध्ये हंगाम रद्द झाला. अखेर खेळाडूंनी चालू करारांत २४ टक्के कपात मान्य केली आणि संघामागे ३.९ कोटी डॉलरची मर्यादा आली. त्या बदल्यात मर्यादा लीगच्या उत्पन्नाशी बांधली गेली. उत्पन्न वाढलं की मर्यादाही वाढणार. २०१२-१३च्या टाळेबंदीनंतर मालक आणि खेळाडूंत उत्पन्नाची वाटणी निम्मी-निम्मी ठरली. हंगामभर प्रत्येक खेळाडूच्या पगारातला थोडा भाग अनामत म्हणून बाजूला ठेवतात. पगारांची बेरीज निम्म्याच्या वर गेली, तर जादा रक्कम त्या अनामतीतून मालकांकडे जाते आणि उरलेली खेळाडूंना परत मिळते. २०२५-२६साठी मर्यादा साडेनऊ कोटी डॉलरच्या वर ठरली.

आपल्या लीगमध्ये थैली आहे, पण उत्पन्नातला ठरलेला वाटा देणारा असा सामूहिक करार नाही. थैली चारचीच का, सहाची का नाही, हे विचारायला खेळाडूंच्या बाजूने कुणीतरी त्या टेबलाशी बसायला हवं, असं मला मनापासून वाटतं. आपले खेळाडू बोलू शकत नाहीत असंही नाही, याचा पुरावा पुण्यातच आहे.

जानेवारी २०१०. बालेवाडीच्या क्रीडा संकुलात विश्वचषकाचं सराव शिबिर चालू होतं. थकलेले पैसे मिळेपर्यंत सराव करणार नाही, असं कर्णधार राजपाल सिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सांगितलं. हॉकी इंडियाने माणशी २५ हजार देऊ केले. खेळाडूंनी ते नाकारले. दोन्हीकडून ताणून धरलं गेलं. विश्वचषक दीड महिन्यावर आलेला, तोही आपल्याच देशात. शेवटी प्रायोजक सहाराने एक कोटी रुपये दिले, तोडगा निघाला आणि खेळाडू मैदानावर उतरले. २८ फेब्रुवारीला दिल्लीत विश्वचषकाच्या पहिल्याच दिवशी भारताने पाकिस्तानला ४-१ असं हरवलं.