एफ कॉर्ड: दोष बोटाचा की गिटारचा?

चार सोप्या कॉर्ड जमल्या की शिकणाऱ्यासमोर एफ येते, आणि बरेच जण तिथेच थांबतात. बोटांत ताकद नाही, असा निदानाचा शिक्काही बसतो. मग चेंडू दाबणं, स्प्रिंगचं यंत्र आणणं असले उद्योग सुरू होतात.

एफमध्ये तर्जनी पहिल्या फ्रेटवर सहाही तारांवर आडवी पडते हे खरं. पण तिसरी, चौथी आणि पाचवी तार पुढच्या फ्रेटवर बाकीची बोटं दाबतात. तर्जनीने वाजत्या ठेवायच्या त्या पहिली, दुसरी आणि सहावी, एवढ्या तीनच. मधल्या तारा पेरांच्या खळग्यात गेल्या तरी काही बिघडत नाही. बोट अंगठ्याच्या बाजूला किंचित कलतं करून फ्रेटच्या धातूला अगदी लागून ठेवलं, की तारेखाली मांसाऐवजी हाड येतं. जोर अंगठ्याच्या चिमटीतून नको. कोपर सैल सोडून हाताच्या वजनाने मागे ओढायचं.

आता हीच ठेवण पाचव्या फ्रेटवर करून पाहा. ती ए कॉर्ड होते आणि बहुधा पटकन वाजते. बोटं तीच, ताकद तीच. ६४८ मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिलं घर सुमारे ३६ मिलिमीटरचं असतं, पाचवं सुमारे २९चं. शिवाय पहिल्या घराशेजारीच नट असतो, म्हणजे खुंट्यांच्या अलीकडची खाचांची पट्टी. त्या खाचा उथळ असतील, तर तार तिथे नको तेवढी उंच राहते. तपासायचं तर दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबा. पहिल्या फ्रेटवर कागदाएवढी फट दिसावी. ठळक फट दिसली, तर गिटार दुकानात न्या. घरी कानस चालवू नका. खाच जास्त खोल गेली की तार झणझणते आणि नटच बदलावा लागतो.

भिवंडीकरांना हे सांगायलाच हवं. मुंबई परिसरातला ऑनलाइन विकला जाणारा बराच माल इथल्याच गोदामांतून निघतो. खोक्यातून आलेली स्वस्त गिटार कुणी तारांची उंची जुळवून पाठवलेली असेलच असं नाही. त्यात आपला पावसाळा: दमट हवेने लाकूड फुगतं, वरची फळी उचलली जाते आणि जूनमध्ये वाजणारी कॉर्ड ऑगस्टमध्ये जड होते. शेजारी यंत्रमाग सुरू असेल, तर कोणती तार मुकी आहे तेही कळत नाही. अशा वेळी गिटारच्या कडेला कान टेकवून एकेक तार छेडावी.

‘माझी बोटंच आखूड’ ही तक्रारही फार ऐकू येते. जँगो राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटं १९२८च्या आगीत कायमची अधू झाली, तरी जॅझ गिटारच्या इतिहासात त्याचं नाव अग्रभागी आहे.

चार तारांची छोटी एफ किंवा कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून ठेवणारा चिमटा) वापरणं म्हणजे फसवणूक, असं सांगणारे मास्तर मला पटत नाहीत. पाचव्या फ्रेटवर कॅपो लावून जी, सी, डी धरल्या की कानाला सी, एफ, जीच ऐकू येतात. आणि दुखण्याबद्दल: पोलादी तारांनी बोटांची टोकं सुरुवातीला हुळहुळणारच. मनगट किंवा अंगठ्याचं मूळ दुखलं, तर मात्र त्या दिवशी गिटार खाली ठेवायची.